होडीच्या तळातले पाणी : अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीची गळती शोधावी कशी, थांबवावी कशी?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा म्हटला की दुष्काळ, चारा छावण्या, ऊस आणि साखर कारखाने डोळ्यांसमोर येतात. होडी सहसा कोणाला आठवत नाही. पण जिल्ह्याचा नकाशा उघडला तर चारही बाजूंना पाणी दिसते. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण आणि त्याच्या खालच्या अंगाला निळवंडे आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा धरण आहे. पूर्वेला जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी नेवासे आणि शेवगाव तालुक्यांपर्यंत शिरलेले आहे, तर दक्षिणेला कर्जत तालुक्याच्या कडेने उजनीचा फुगवटा पसरला आहे. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकच्या दर्शनासाठी भीमेवर पूल होण्यापूर्वी दौंडकडचे भाविक शिरापूरहून होडीनेच येत असत. मासेमारी, पर्यटन, एका काठावरून दुसऱ्या काठावर ये-जा आणि पुराच्या वेळी बचावकार्य या सर्वांसाठी या जिल्ह्यात आजही होडी लागते.

गळती हा शब्दही या जिल्ह्याला अपरिचित नाही. १९६९ मध्ये भंडारदरा धरणाच्या दगडी भिंतीला तडे जाऊन गळती वाढली आणि पुढे ती भिंत पोलादी केबलांनी आवळून व खालच्या बाजूने आधार देऊन मजबूत करावी लागली. धरणाची गळती ही बातमी होते. होडीची होत नाही. तळात थोडे पाणी असणे हे नेहमीचेच मानले जाते, एक डबा ठेवलेला असतो, अधूनमधून पाणी उपसले जाते आणि काम चालू राहते. या सवयीमागचा धोका समजून घेणे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या होडीपुरता त्यावरचा उपाय पाहणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

गळती नेमके काय करते?

मे २०२४ मधील दोन दुर्घटना वाचकांच्या स्मरणात असतील. २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेत असताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. या दोन्ही दुर्घटना गळतीमुळे घडल्या नव्हत्या. एकीकडे वादळ होते, दुसरीकडे नदीचा वेगवान प्रवाह. पण आपल्या जलाशयांत आणि नद्यांत होडीवर अवघड प्रसंग किती अकस्मात येतो, हे त्यांनी दाखवून दिले. गळतीचा प्रश्न याच ठिकाणी येतो.

सामान्य समज असा की गळणारी होडी हळूहळू भरते आणि शेवटी बुडते. प्रत्यक्षात असे क्वचित घडते, कारण तेवढे पाणी भरेपर्यंत कोणी स्वस्थ बसत नाही. गळतीचा खरा अपाय निराळा आहे. तळात साचलेले पाणी सुटे असते. होडी डावीकडे कलली की ते सगळे डावीकडे धावते आणि कल आणखी वाढवते. तेवढ्याच वजनाची पोती बांधून ठेवली तर ती जागची हलत नाहीत, पाणी मात्र नेमके नको तिकडे जाते. शिवाय त्या वजनामुळे होडी खोल बसते आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. म्हणजे शांत पाण्यात काहीच बिघडलेले दिसत नाही, पण वाऱ्याचा झोत किंवा मोठी लाट आली की ती सहन करण्याची होडीची ताकद आधीच खर्च झालेली असते.

एका रिव्हेटचा हिशेब

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीसाठी वापरली जाते. होडीच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरते. पाण्याच्या पातळीखाली असलेल्या छिद्रातून पाणी किती वेगाने आत येईल, हे छिद्राच्या क्षेत्रफळावर आणि खोलीवर अवलंबून असते. ४.८ मिलिमीटर जाडीचा एक रिव्हेट गळून पडला आणि ती जागा पाण्याखाली १५ सेंटिमीटरवर असली, तर मिनिटाला सुमारे एक लिटर पाणी आत येते. तासाला साठ-पासष्ट लिटर. दोन तासांत सव्वाशे किलोंहून अधिक वजन, म्हणजे दोन प्रौढ माणसे न सांगता होडीत येऊन बसली आणि तीही इकडून तिकडे धावणारी.

तडा तर याहून फसवा. ०.२ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब अशी केसासारखी भेग नजरेला जेमतेम दिसते. पण तिचे क्षेत्रफळ त्या रिव्हेटच्या छिद्रापेक्षा थोडे अधिकच भरते. म्हणून ‘बारीक चीर आहे, चालून जाईल’ हे म्हणणे हिशेबात टिकत नाही.

‘जर्मन’च्या पत्र्याची होडी

पश्चिम महाराष्ट्रात पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून त्यातून नदी ओलांडल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगतात. पातळ पत्र्याचे, मधे खोलगट असे भांडे आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तरंगते. धातूची होडी तरंगते ती याच न्यायाने. फरक धातूचा. लोखंडाच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियमचे वजन साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे होडी दोघा-चौघांना काठावर ओढून घेता येते आणि टेम्पोत टाकून दुसऱ्या जलाशयावर नेता येते. तिला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही आणि लाकडासारखी ती कुजतही नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या होड्यांचा प्रसार झाला तो विमान कारखान्यांतून. अमेरिकेतील ग्रुमन या लढाऊ विमाने बनविणाऱ्या कंपनीने दुसरे महायुद्ध संपत असताना विमानांचेच तंत्र वापरून अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या कॅनू तयार करण्यास सुरुवात केली. पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटांनी जोडण्याची ती पद्धत आजही छोट्या होड्यांत दिसते. मोठ्या बोटींत मात्र पत्रे वेल्ड केले जातात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटींचे सांगाडेही अ‍ॅल्युमिनियमचेच आहेत. अशा कामासाठी शुद्ध अ‍ॅल्युमिनियम वापरत नाहीत. त्यात मॅग्नेशियम मिसळलेले ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकांचे मिश्रधातू वापरतात, कारण ते पाण्यात अधिक टिकतात.

आपल्याकडे घरोघरी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत. तांब्या-पितळेच्या भांड्याला छिद्र पडले की त्याला डाग देऊन घेत. जर्मनच्या पातेल्याला मात्र डाग बसत नाही, हे घरातल्या प्रत्येक जाणत्या बाईला ठाऊक असे. या अनुभवामागे जे शास्त्र आहे, तेच होडीच्या दुरुस्तीतही महत्त्वाचे ठरते. अ‍ॅल्युमिनियमचा ताजा पृष्ठभाग हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक पण चिवट थर तयार होतो. हा थरच धातूचे रक्षण करतो आणि हाच थर डाग, गोंद आणि वेल्ड यांना आत शिरू देत नाही.

गळती कोठून सुरू होते?

पहिली जागा रिव्हेटांची. लाटांवर आपटून आणि काठावरच्या खडकांवरून ओढून ओढून रिव्हेट सैल होतात व त्यांची छिद्रे लांबट होतात. दुसरी जागा वेल्डच्या कडेची. वेल्ड करताना तापलेला पट्टा मूळ पत्र्यापेक्षा कमकुवत झालेला असतो, त्यामुळे तडा बहुधा वेल्डच्या मधोमध न जाता त्याच्या अगदी शेजारून जातो. आतल्या आडव्या पट्ट्यांची टोके आणि इंजिन बसविलेली मागची फळी येथे सततच्या हादऱ्याने असे तडे आधी दिसतात.

तिसरे कारण म्हणजे खड्डे पडून होणारी झीज. तळात ओली गोणपाटे, लाकडी फळ्या किंवा रबरी चटया कायम पडून राहिल्या की त्यांच्याखाली हवा पोहोचत नाही आणि संरक्षक थर पुन्हा तयार होऊ शकत नाही. मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत आतून बाहेर छिद्र होते. चौथे कारण दोन धातूंच्या संगतीचे. तांब्या-पितळेचा तुकडा, पोलादी बोल्ट किंवा बॅटरीची उघडी तार ओल्या अ‍ॅल्युमिनियमला लागून राहिली की एक लहानसा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ही झीज झपाट्याने होते. आपल्या जलाशयांच्या गोड्या पाण्यात ती सावकाश होते, पण थांबत नाही. धुण्याचा सोडा, चुना, ओले सिमेंट हे पदार्थ तर ऑक्साइडचा थरच विरघळवतात. सोड्याने घासलेले जर्मनचे पातेले काळे पडते, तसाच परिणाम होडीवर होतो.

पाचवे कारण आपल्या भागातले खास आहे. उन्हाळ्यात धरणे उतरली की पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे आणि काळ्या बेसाल्टचे खडक पाण्याच्या पातळीजवळ येतात. हिवाळ्यात जेथून होडी निर्धास्त जात होती, तेथे मे महिन्यात तिचा तळ घासतो. पोचा आलेला पत्रा लगेच फुटतोच असे नाही. पोच्याच्या कडेला मुरड पडलेली असते आणि पुढे कधीतरी तेथेच तडा जातो.

पाणी दिसते एकीकडे, शिरते दुसरीकडे

गळती दुरुस्त करताना सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. पाणी मागच्या बाजूला साचलेले दिसले की मागचे सगळे सांधे लुकण लावून बुजविले जातात आणि दुसऱ्या दिवशी पाणी तेवढेच! याला ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ म्हणतात. होडीत पाणी सर्वांत खालच्या भागात जमते. ते तेथूनच आत आले असे मात्र नव्हे. नाळेजवळच्या रिव्हेटमधून शिरलेले पाणी आतल्या पट्टीच्या आडोशाने वाहत मागे येऊ शकते. म्हणून आधी शोध आणि मगच दुरुस्ती, हा क्रम मोडू नये.

शोधाची पहिली पायरी म्हणजे ही खरोखर गळती आहे का, हे ठरविणे. पावसाचे पाणी, लाटांचे तुषार, जाळ्यातून निथळलेले पाणी हेही तळातच जमते. त्यासाठी होडी पूर्ण कोरडी करून, कोणी न बसता, शांत पाण्यात बांधून ठेवावी. तीन-चार तासांनी आत जमलेले पाणी मोजून उपसावे. तासाला किती लिटर, हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण दुरुस्तीनंतर तुलना त्याच्याशीच करायची असते. बांधलेल्या होडीत पाणी येत नाही आणि चालविताना मात्र येते, असे आढळले तर भाराखाली उघडणारा तडा किंवा पाण्याच्या रेषेच्या वरचा सांधा यांचा संशय घ्यावा.

त्यानंतर सर्वांत सोपी ठिकाणे पाहावीत. तळाचे पाणी सोडून देण्यासाठी असलेल्या बुचाचा रबर कडक झाला आहे का, इंजिनाचे बोल्ट जेथून आरपार जातात तेथला वॉशर दबला आहे का? कित्येकदा गळतीचे कारण एवढेच असते.

दुसरी पायरी घरातल्या गळक्या हंड्याचीच. हंडा कोठे गळतो हे पाहण्यासाठी आपण त्यात पाणी भरतो आणि बाहेरून पाहतो. होडी काठावर घेऊन, फळ्या काढून, तळ आतून-बाहेरून स्वच्छ व कोरडा करावा आणि आत पाणी भरावे. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. पाण्यात असताना होडीला बाहेरून सर्वत्र सारखा आधार असतो, काठावर तो नसतो. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद तळात केवळ १० सेंटिमीटर पाणी भरले तरी सुमारे साडेतीनशे ते पावणेचारशे किलो वजन होते. म्हणून होडी दोन ठोकळ्यांवर न ठेवता वाळूची पोती किंवा जुने टायर यांवर तळाला जागोजागी आधार देऊन ठेवावी आणि पाणी थोडे थोडे भरत जावे. बाहेरून पत्र्यावर खडूची पूड किंवा कोरडी रांगोळी भुरभुरावी. बारीकशा ओलीनेही पूड गडद होते आणि पाण्याची वाट उमटते. ओघळाचे वरचे टोक म्हणजे गळतीची जागा. ती मार्करने गोल करावी. शिसपेन्सिलीने खूण करू नये, कारण पेन्सिलीतले ग्राफाइट ओलीत अ‍ॅल्युमिनियमची झीज वाढविते.

तिसरी पायरी बंद कप्प्यांसाठी आहे. बैठकीखालच्या किंवा दुहेरी तळाच्या पोकळीत पाणी भरून पाहता येत नाही. तेथे आत हलकी हवा सोडून बाहेरून साबणाचे पाणी लावतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तोच हा प्रकार. मात्र हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट जोडणे धोक्याचे आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर केवळ एक पीएसआय दाब म्हणजे सुमारे सातशे किलोंचा रेटा असतो. त्याने सांधे फाटतात, पत्रा फुगतो आणि इजाही होऊ शकते. साध्या ब्लोअरची हवा पुरेशी होते.

तरीही जागा सापडली नाही तर दोन उपाय उरतात. रात्री होडी पालथी घालून आत प्रखर दिवा ठेवावा आणि बाहेरून अंधारात पाहावे, आरपार छिद्र असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. केसासारख्या तड्यांसाठी कारखान्यांतील अभियंत्यांना परिचित असलेली ‘डाय पेनेट्रंट’ चाचणी उपयोगी पडते. स्वच्छ पृष्ठभागावर लाल द्रव फवारायचा, तो तड्यात मुरू द्यायचा, मग पुसून पांढरा द्रव फवारायचा. तड्यात लपलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघेसारखा वर येतो. या द्रवांचे डबे बाजारात मिळतात आणि वेल्डिंगची कामे करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांचा वापर होतो.

दुरुस्ती : रिव्हेटची

सैल पण शाबूत असलेला रिव्हेट पुन्हा घट्ट करता येतो. हे दोघांचे काम. एकाने एका बाजूने जड पोलादी ठोकळा रिव्हेटच्या डोक्यावर घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हातोडीचे नेमके, हलके घाव घालायचे. जोर लावून ठोकल्यास पत्रा ताणला जातो आणि शेजारचे रिव्हेट सैल होतात. एक गळती थांबते, दोन सुरू होतात.

रिव्हेट झिजला किंवा पडला असेल तर नवा बसवावा लागतो. आतून ठोकळा धरण्यास जागा नसल्यास एका बाजूने बसणारा पॉप रिव्हेट वापरतात. तथापि बाजारात सर्वत्र मिळणारा साधा पॉप रिव्हेट मधोमध पोकळ असतो आणि पाणी त्याच्या पोटातून आत येते. होडीसाठी बंद टोकाचा अ‍ॅल्युमिनियमचाच रिव्हेट घ्यावा आणि तो सीलंटमध्ये बुडवून बसवावा. सीलंट पॉलियुरेथेन जातीचे, पाण्याखाली चालणारे असावे. खिडक्या-काचांसाठी वापरले जाणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा असतो आणि ते अ‍ॅल्युमिनियमला पोषक नाही.

दुरुस्ती : छिद्राची आणि तड्याची

टाचणीएवढी छिद्रे आणि पाझरणारे सांधे इपॉक्सीने बुजविता येतात. पण इपॉक्सी टिकणार की सोलून निघणार, हे पत्रा किती स्वच्छ केला आहे यावर ठरते. आधी तेलकटपणा अ‍ॅसिटोनने पुसावा आणि नंतर घासावे. हा क्रम उलटा केल्यास तेल पत्र्यात आणखी चोळले जाते. घासण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा नवा ब्रश घ्यावा. लोखंड घासलेल्या ब्रशचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून पुढे झीज सुरू करतात. घासून झाल्यावर विलंब न लावता इपॉक्सी लावावी, कारण ऑक्साइडचा थर लगेच पुन्हा वाढू लागतो. ओल्या पत्र्यावर घाईने दाबलेली लुकणाची गोळी काठापर्यंत येण्यास उपयोगी पडते, तिला दुरुस्ती समजू नये.

तड्याला नुसती इपॉक्सी पुरत नाही. होडी पाण्यावर लवते, तडाही रोज थोडा थोडा पुढे सरकतो. म्हणून प्रथम त्याची दोन्ही टोके शोधून तेथे सुमारे तीन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडतात. टोकदार तड्याच्या शेंड्याशी एकवटणारा ताण गोल छिद्राभोवती विभागला जातो आणि तडा थांबतो. त्यानंतर एकतर वेल्ड करावे किंवा त्याच जातीच्या मिश्रधातूचे, गोल कोपऱ्यांचे ठिगळ सीलंट व रिव्हेटांनी बसवावे. ठिगळाचे कोपरे चौकोनी ठेवल्यास प्रत्येक कोपऱ्यातून नव्या तड्याला निमंत्रण मिळते.

वेल्डिंगच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियम अवघड समजले जाते ते दोन कारणांनी. हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळण्यास दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. शिवाय धातू तापल्यावर लाल होत नाही. अननुभवी कारागिराला वरचा थर तसाच दिसत राहतो आणि आतला धातू अचानक ओघळून मोठे भोक पडते. यावर उपाय म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात, एसी प्रवाहावर केलेले टिग वेल्डिंग. प्रवाहाची दिशा सतत बदलत असल्याने अर्ध्या वेळी ऑक्साइड फोडला जातो आणि अर्ध्या वेळी धातू वितळतो. औद्योगिक वसाहतींत ‘आर्गन वेल्डिंग’च्या पाट्या पुष्कळ दिसतात, परंतु त्यांतील बरीच यंत्रे स्टेनलेस स्टीलसाठी, केवळ डीसी प्रवाहाची असतात. म्हणून होडी नेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. यंत्र एसीवर चालते का, आणि वेल्डची सळई कोणती वापरणार? ५०८३ या पत्र्यासाठी ५३५६ किंवा ५१८३ क्रमांकाची सळई योग्य. सर्रास मिळणारी ४०४३ ही सिलिकॉनयुक्त सळई अशा मॅग्नेशियमच्या पत्र्यावर ठिसूळ जोड देते.

रिव्हेटांच्या सांध्यावर मात्र वेल्ड करू नये. उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात, सांध्यातले जुने सीलंट जळते आणि त्याच्या धुराने वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. त्याचप्रमाणे वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि बैठकीखालचा फोम काढणे हे कटाक्षाने पाळावे. हा फोम जुना झाला की पाणी शोषतो. गळती थांबूनही होडी जड वाटत असेल तर तो काढून वजन करून पाहावा.

भर पाण्यात गळती लागली तर

अशा वेळी पहिले काम छिद्र शोधण्याचे नसून सर्वांनी लाइफ जॅकेट घातले आहे याची खात्री करण्याचे आहे. दुसरे काम जवळच्या काठाकडे वळण्याचे. एकाने पाणी उपसत राहावे, बाकीच्यांनी जागा न सोडता खाली बसावे. छिद्र हाताशी असेल तर निमुळती लाकडी खुंटी कापडात गुंडाळून दाबावी. चिरेवर रबराचा तुकडा पायाने दाबून धरला तरी आवक पुष्कळ कमी होते.

नगर शहराशी भारतीय लष्कराच्या यांत्रिक पायदळाचे जुने नाते आहे. त्या दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. या दलाचे बीएमपी-२ हे सुमारे १४ टन वजनाचे चिलखती वाहन पाण्यावर तरंगत नदी ओलांडते. ते उत्तम पोलादात बांधलेले असते, तरीही तळातले पाणी बाहेर फेकणारे पंप त्यात बसविलेले असतात. थोडे पाणी आत येणारच, हे त्याच्या रचनाकारांनी गृहीत धरले आहे. साध्या होडीनेही तेच गृहीत धरावे. उपसण्याचा डबा दोरीने बांधलेला असावा, खुंट्या आणि रबर पेटीत असावे आणि माणसांची संख्या होडीच्या क्षमतेपेक्षा कमीच असावी. डबा असणे ही दक्षता आहे. रोज तो वापरावा लागणे ही मात्र दुरुस्तीची सूचना आहे.

मे महिन्याचे काम

दुरुस्ती झाल्यावर पाणी भरण्याची चाचणी पुन्हा करावी आणि त्यानंतर होडी पूर्वीइतकाच वेळ पाण्यात बांधून वहीतला जुना आकडा आणि नवा आकडा ताडून पाहावा. गळती निम्मी झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. दुसरी जागा अद्याप सापडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अ‍ॅल्युमिनियमच्या होडीला तांबेयुक्त रंग लावू नये, तळात ओली पोती ठेवू नयेत आणि काठावर ओढताना खडकावरून न ओढता खाली टायर किंवा गोल लाकडे घालावीत. होडी कायम पाण्यात राहत असेल तर तळाला मॅग्नेशियमची पट्टी बसविल्यास गोड्या पाण्यात ती आधी झिजते आणि पत्रा वाचतो.

देशात १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला असून त्यात यांत्रिक बोटींची नोंदणी आणि सर्वेक्षण यांची तरतूद आहे. पण सर्वेक्षणाच्या दोन तारखांमधले सगळे दिवस होडी मालकाच्या आणि चालकाच्याच नजरेखाली असते. पर्यटक म्हणून भंडारदऱ्याला किंवा उजनीला जाणाऱ्या शहरी वाचकालाही एक गोष्ट सहज करता येईल. होडीत पाय ठेवण्यापूर्वी तळाकडे पाहावे. तळ कोरडा असेल तर उत्तम. पाणी असेल तर ते कोठून आले, हे चालकाला विचारावे. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने आपली होडी तपासलेली असते.

आपल्या जलाशयांचे पाणी मे महिन्यात सर्वांत खाली गेलेले असते आणि कित्येक होड्या काठावर पालथ्या पडलेल्या असतात. पहिला पाऊस येण्यापूर्वीचे हे चार-सहा आठवडे तळ तपासण्यासाठी सर्वांत सोयीचे. एकदा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस सुरू झाला, प्रवरा आणि मुळा दुथडी वाहू लागल्या, की होडी केव्हा आणि कोणासाठी बाहेर काढावी लागेल हे कोणालाच सांगता येत नाही.